गरिबाच्या ताटातील रसायन : डॉ. कमला सोहोनी

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचा जीवनपरिचय द्यावा आणि त्या निमित्ताने विद्यार्थ्यांना एखाद्या विद्येचीही ओळख करून द्यावी, असा आमचा हेतू आहे. या वेळी आम्ही जीवरसायनशास्त्र ही विद्या निवडली आहे. सजीवांचे शरीर कोणत्या रेणूंनी घडते, ते रेणू अन्नातून कसे मिळतात आणि शरीरात गेल्यावर त्यांचे काय होते, याचा शोध घेणारे हे शास्त्र होय. सदर येथील आमच्या वसतिगृहात रोज दोन वेळा वाढल्या जाणाऱ्या भात, वरण, भाकर आणि भाजीशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे. या शास्त्रात जागतिक कीर्तीचे संशोधन करून जिने आपले उरलेले आयुष्य गरिबाला परवडणाऱ्या अन्नाच्या अभ्यासाला वाहिले, त्या मराठी विदुषीचे, डॉ. कमला सोहोनी यांचे चरित्र आम्ही माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

कमलाबाई मूळच्या भागवत. त्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी इंदूर येथे एका सुशिक्षित मराठी कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेतून जे अगदी पहिले विद्यार्थी बाहेर पडले, त्यांत या दोघा भावांची गणना होते. त्यामुळे रसायनशास्त्र हा त्या घरातील रोजच्या बोलण्याचा विषय होता. कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी म्हणजे पुढे मराठी साहित्यात आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासात मोठे नाव मिळविणाऱ्या दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी तरुणपणीच भिक्खुसंघाच्या विनयातील न्यायव्यवस्थेवर प्रबंध लिहिला होता, ही गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. एका बहिणीने संघाचे नियम अभ्यासावेत आणि दुसरीने सजीव पेशीचे, असे ते घर होते.

सन १९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत अग्रस्थानी उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता आणि भौतिकशास्त्र दुय्यम. वडिलांनी आणि काकांनी जेथे विद्या घेतली, त्याच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधन करावे, एवढीच त्यांची इच्छा होती. गुण उत्तम होते, विषय योग्य होता, घराण्याचा त्या संस्थेशी पूर्वीचा संबंधही होता. तरीही त्यांचा अर्ज नाकारण्यात आला. अर्जदार स्त्री आहे, हेच नकाराचे कारण होते. त्या काळी संस्थेच्या संचालकपदी सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते. प्रकाशाच्या विकिरणावरील शोधासाठी १९३० सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले होते आणि अवघ्या देशाला त्यांचा अभिमान होता. परंतु संशोधनाचे काम स्त्रियांना झेपणार नाही, अशी त्यांची समजूत होती. निसर्गाचे एवढे सूक्ष्म रहस्य उलगडणाऱ्या पुरुषालाही समाजाने दिलेल्या समजुतीपलीकडे पाहता येऊ नये, ही गोष्ट आम्हाला पुष्कळ काही शिकवून जाते. विद्वत्ता आणि समदृष्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप येते, असे नाही.

कमलाबाईंनी तो नकार मान्य केला नाही. त्या बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळावा म्हणून संचालकांच्या कार्यालयासमोर त्यांनी सत्याग्रह आरंभिला. अखेरीस रामन यांना प्रवेश द्यावा लागला, पण तो अटींसह मिळाला. पहिले संपूर्ण वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी गणल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, त्यांना काम करावे लागणार होते. त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही एक अट होती. अपमान स्पष्ट होता. तरी त्यांनी अटी स्वीकारल्या, कारण आत गेल्यावाचून आपले म्हणणे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग नव्हता. हा अपमान त्या विसरल्या मात्र नाहीत. आयुष्याच्या अखेरीस, १९९७ मध्ये, महिला शास्त्रज्ञांच्या एका समारंभात त्यांनी रामन यांच्या त्या वागण्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला.

येथे एक गोष्ट आम्ही प्रांजळपणे नमूद करू इच्छितो. सातारच्या शाळेत वर्गाबाहेर गोणपाटावर बसून शिकलेल्या बालकाची कथा आमच्या समाजात घरोघरी ठाऊक आहे. बंद दार म्हणजे काय, हे आमच्या आजोबा-पणजोबांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. कमलाबाईंच्या वाट्याला आलेला अन्याय त्या अन्यायाएवढा खोल नव्हता. त्यांच्या घरी ग्रंथ होते, पैसा होता, आणि त्यांनी स्पर्श केलेले पाणी कोणी विटाळले मानले नाही. तरीही दोन्ही अन्यायांचे मूळ एकच दिसते. माणसाची पात्रता त्याच्या कामावरून पाहण्याऐवजी त्याच्या जन्मावरून ठरविणे, हे ते मूळ. म्हणूनच हे चरित्र आम्हाला आपले वाटते.

बंगळूरला त्यांना श्री. श्रीनिवासय्या यांच्यासारखे कसून काम करवून घेणारे मार्गदर्शक लाभले. विषय होता अन्नातील प्रथिने, विशेषतः दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने. हा विषय समजण्यासाठी विद्यार्थ्यांनी सजीवांच्या रसायनाची काही मूलतत्त्वे ध्यानात घ्यावीत.

माणूस असो, म्हैस असो वा संत्र्याचे झाड असो, सजीवांची शरीरे मुख्यत्वे मोजक्याच मूलद्रव्यांनी घडतात. मानवी शरीराच्या वजनापैकी सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चारच मूलद्रव्यांचा असतो. यांपैकी कार्बनचा अणू सर्वांत मिळूनमिसळून राहणारा. त्याला चार हात आहेत असे समजावे. एका हाताने तो दुसऱ्या कार्बनला धरतो, दुसऱ्या हाताने हायड्रोजनला, तिसऱ्याने ऑक्सिजनला, आणि अशा रीतीने लांब साखळ्या, फांद्या व कडी तयार होतात. या रचनेतून जे मोठे रेणू घडतात त्यांचे चार प्रमुख वर्ग आहेत. धान्यातील पिष्ट आणि साखर ही कर्बोदके. तेल व तूप हे स्निग्ध पदार्थ. डाळ, दूध, अंडी व मांस यांत विपुल असणारी ती प्रथिने. आणि आईबापांचे गुण अपत्यात नेणारी ती न्यूक्लिक आम्ले.

मोठे रेणू बहुधा लहान रेणूंच्या माळा असतात. ग्लुकोजच्या एका रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजनचे अणू असतात. असे शेकडो-हजारो ग्लुकोज एकमेकांत गुंफले की भाताचे पिष्ट तयार होते. तेच ग्लुकोज थोड्या निराळ्या पद्धतीने गुंफले तर कापसाचा धागा होतो. भात आपल्याला पचतो आणि कापूस पचत नाही. मणी तेच असतात, फरक फक्त गाठीचा असतो.

प्रथिनांच्या माळेत अमिनो आम्ले नावाचे मणी असतात. ते २० प्रकारचे आहेत. दोन मणी जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. अन्न पचताना याच्या नेमके उलट घडते. पाणी पुन्हा त्या गाठीत शिरते, गाठ सुटते आणि मणी सुटे होऊन रक्तात जातात. गाठी सोडविण्याचे काम विकरे करतात आणि ही विकरेदेखील प्रथिनेच असतात. सुट्या झालेल्या मण्यांतून शरीर आपल्याला हवी ती नवी माळ ओवते. कोणी ती रक्तात वापरतो, कोणी स्नायूत, कोणी केसात. २० पैकी ९ मणी मात्र माणसाच्या शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. ते अन्नातूनच यावे लागतात. म्हणून ताटात किती अन्न आहे एवढे पाहून भागत नाही. त्या अन्नातील प्रथिनांत कोणते मणी आहेत, हेही पाहावे लागते. कमलाबाईंनी हाती घेतलेल्या प्रश्नाचे महत्त्व यात होते. मांसमच्छी व दूधदुभते न परवडणाऱ्या कोट्यवधी माणसांची प्रथिनांची गरज डाळ आणि कडधान्येच भागवीत होती.

वर्षभरात त्यांच्या कामाची तळमळ आणि शिस्त पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित संशोधनाची अनुमती मिळाली. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी संपादन केली. याहून मोठी गोष्ट अशी की, त्यांच्यानंतर त्या संस्थेत इतर विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीने सोसलेल्या अटींमुळे पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली.

पुढील शिक्षणासाठी कमलाबाई १९३७ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स होते. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्यासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. हॉपकिन्स यांचा एक जुना प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९०६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकारी विलकॉक यांनी मक्यातील झेईन हे एकच प्रथिन देऊन उंदरांना वाढविण्याचा प्रयत्न केला. प्रथिन भरपूर असूनही उंदीर वाढले नाहीत. झेईनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचे एक अमिनो आम्ल नव्हते. ते आम्ल आहारात घातल्यावर उंदीर अधिक काळ जगले. पोट भरलेले असूनही शरीर उपाशी राहू शकते, हे सत्य या प्रयोगाने दाखविले.

केंब्रिजमध्ये कमलाबाईंनी आरंभी डॉ. डेरेक रिक्टर यांच्या हाताखाली काम केले. ते अन्यत्र गेल्यावर त्या डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करू लागल्या. या अभ्यासासाठी त्यांनी बटाट्याची निवड केली. बटाट्यावर काम करीत असता, वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत सायटोक्रोम सी हे प्रथिन असते, असे त्यांना आढळून आले.

या शोधाचे महत्त्व काय, ते थोडक्यात सांगतो. आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन अखेर प्रत्येक पेशीत पोहोचतो. तेथे अन्नातील ग्लुकोजचे टप्प्याटप्प्याने विघटन होते. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन अनेक प्रथिनांच्या हातातून पुढे पुढे दिले जातात, जसे आग लागल्यावर रांगेने उभी असलेली माणसे पाण्याची बादली हातोहात पुढे देतात. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन असतो. तो हे इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी तयार होते. या हातोहात देवघेवीत मुक्त होणाऱ्या ऊर्जेवर आपण चालतो, बोलतो, विचार करतो. सायटोक्रोम सी हा त्या रांगेतील एक हात होय. त्याच्या केंद्रस्थानी लोखंडाचा एक अणू असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढच्याला देतो. प्राणी आणि यीस्ट यांच्या पेशींतील अशा रंगीत प्रथिनांचे वर्णन डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिज येथेच केले होते. वनस्पतीची पेशीही त्याच पद्धतीने श्वसन करते, हे दाखविण्यात कमलाबाईंच्या कामाचा वाटा होता.

पुढच्या काळात शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या सजीवांतील सायटोक्रोम सी ची माळ मणी मोजून तपासली. माणसाच्या माळेत १०४ मणी आहेत. चिंपांझीच्या माळेत तेच १०४ मणी त्याच क्रमाने आहेत. यीस्टपासून गव्हापर्यंत आणि घोड्यापासून माणसापर्यंत ही माळ थोड्याफार फरकाने ओळखू येते. सर्व सजीव एकाच कुळातले आहेत, याचा हा रासायनिक पुरावा आहे. ज्या समाजाने माणसामाणसांत उच्चनीचतेच्या पायऱ्या रचल्या, त्या समाजातील प्रत्येक माणसाच्या पेशीत श्वसनाचे हे एकच यंत्र चालू असते. कोणत्याही वस्तीतल्या, कोणत्याही आडनावाच्या माणसाच्या श्वासाला दुसरे यंत्र नाही. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील हे पान आमच्या मुलामुलींनी विशेष लक्ष देऊन वाचावे, असे आम्हाला वाटते.

कमलाबाईंचा प्रबंध केंब्रिजला पोहोचल्यापासून सुमारे १४ महिन्यांत सादर झाला आणि तो जेमतेम ४० टंकलिखित पानांचा होता, असे सांगितले जाते. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. प्राप्त झाली. विज्ञानाच्या क्षेत्रात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

विदेशात संशोधनाची दारे खुली असताना कमलाबाई त्याच वर्षी भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर दक्षिणेत कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये त्यांचा विवाह श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईस आल्या. तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग उघडत होता. त्या विभागात प्राध्यापक म्हणून त्यांनी एक पिढी घडविली.

ज्या दशकात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या नागपूर नगरीत धम्मदीक्षेचा महान सोहळा झाला, त्याच दशकात मुंबईच्या प्रयोगशाळेत कमलाबाई आणि त्यांचे विद्यार्थी गरिबांच्या अन्नाचे पृथक्करण करीत होते. त्यांनी तीन प्रकारच्या खाद्यांवर भर दिला. पहिले कडधान्ये व डाळी, दुसरे धान-आटा म्हणजे धानाचे पीठ, आणि तिसरे नीरा. या तिन्हींत एक समान सूत्र आहे. ही सर्व खाद्ये सामान्य माणसाच्या आवाक्यातील होती, आणि शास्त्राने त्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नव्हते.

कडधान्यांच्या अभ्यासात त्यांनी ट्रिप्सिन-रोधक पदार्थांचा शोध घेतला. ट्रिप्सिन हे आपल्या लहान आतड्यात प्रथिनांच्या गाठी सोडविणारे विकर आहे. अनेक कच्च्या कडधान्यांत असे एक प्रथिन असते की, ते या ट्रिप्सिनलाच घट्ट धरून ठेवते. कात्रीच्या पात्यांत काडी अडकावी तशी कात्री बंद पडते आणि खाल्लेले प्रथिन पुरेसे न पचताच निघून जाते. वनस्पती हे प्रथिन आपल्या बियांच्या रक्षणासाठी तयार करते. वाल, म्हणजे आपल्याकडील पोपटाच्या शेंगांचे दाणे, घेवडा, सोयाबीन अशा कित्येकांत ते आढळते. पण प्रथिनाची माळ विशिष्ट घडीत असते तोवरच ती काम करते. पुरेशा उष्णतेने ती घडी मोडते आणि हा अडसर बहुतांशी दूर होतो. अंड्याचा पांढरा बलक उकडल्यावर घट्ट होतो, तेथेही प्रथिनाची घडीच मोडलेली असते. कडधान्य भिजवावे, मोड आणावेत आणि नीट शिजवावे, हा आमच्या आयाबायांचा परिपाठ शास्त्रशुद्ध होता. त्याचे कारण प्रयोगशाळेने सांगितले.

वरण आणि भात, वरण आणि भाकर या जोडीलाही असाच आधार आहे. तांदूळ, ज्वारी, गहू यांच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. तुरीच्या, मुगाच्या डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनीन कमी असते, ते धान्यातून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ली म्हणजे एकाचे उणे दुसरे भरून काढते. पातळ वरणाचे नुसते पाणी आणि ढीगभर भात, असे ताट पोट भरते, पण वाढत्या मुलाची गरज भागवीत नाही. पालकांनी आणि आमच्या भोजनव्यवस्थेने हे सदैव लक्षात ठेवले पाहिजे.

डाळींच्या रसायनाची दुसरी बाजू विदर्भाला चांगली ठाऊक आहे. दुष्काळातही तगणारी लाखोळी भंडारा, गोंदिया, नागपूर या भागांत गरिबांच्या ताटात असे. तिच्यात प्रथिने विपुल आहेत, परंतु प्रथिनांच्या माळेत न ओवले जाणारे एक निराळे अमिनो आम्लही आहे. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खाल्ली तर ते मज्जातंतूंना इजा करते आणि पाय लुळे पडू शकतात. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले असता त्याचे प्रमाण घटते. केवळ स्वस्त आणि प्रथिनयुक्त असणे पुरेसे नसते, गरिबाच्या अन्नाचीही काटेकोर तपासणी व्हावी लागते, हे यावरून कळेल. कमलाबाईंच्या कार्याची आवश्यकता किती होती, याचे हे आपल्या अंगणातील उदाहरण.

धानाच्या पिठाचा अभ्यासही आपल्या पूर्व विदर्भाला जवळचा. तांदूळ पांढराशुभ्र करण्यासाठी घासला की त्याचा कोंडा जातो आणि कोंड्याबरोबर बी-१ जीवनसत्त्वही जाते. जावा बेटावर आइकमन यांनी कोंबड्यांना सडलेला तांदूळ देऊन हेच दाखविले होते, आणि १९२९ चे नोबेल हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनाही मिळाले. शुभ्रतेला प्रतिष्ठा देणारा समाज ताटातही शुभ्रतेच्याच मागे लागला आणि त्यात त्याने पोषण गमावले.

नीरेवरील संशोधन कमलाबाईंनी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले. ताड, शिंदी अशा वृक्षांतून पाझरणारा गोड रस म्हणजे नीरा. तो सूर्योदयापूर्वी उतरवून ताजा घेतला तर पौष्टिक पेय. तसाच ठेवला तर हवेतील यीस्ट त्यातील साखरेचे अल्कोहोल करते आणि त्याची ताडी होते. एकाच रसाचे दोन परिणाम, आणि त्यांतील अंतर काही तासांचे. कमलाबाईंनी नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे व लोह यांचे लक्षणीय प्रमाण असल्याचे दाखविले. हे घटक नीरेपासून केलेल्या गुळातही टिकून राहतात, असेही त्यांना आढळले. आदिवासी भागांतील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या आरोग्यात सुधारणा दिसून आली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार देऊन गौरविण्यात आले. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाची प्रत टिकविण्याच्या कामी त्यांनी शास्त्रीय सल्ला दिला.

एवढे कार्य होऊनही दारे पूर्ण उघडली नव्हती. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे यायला हवे होते, पण त्यासाठी त्यांना सुमारे चार वर्षे ताटकळावे लागले आणि त्यामागेही स्त्रीविषयीचा पूर्वग्रह होता, असे मानले जाते. अखेर त्या संचालक झाल्या. बंगळूरच्या त्या घटनेला तोवर तीन दशके होऊन गेली होती. एकदा दार उघडले म्हणजे ते कायमचे उघडे राहते, असे समजू नये. प्रत्येक पायरीवर ते पुन्हा उघडावे लागते.

सेवानिवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक-संस्थेत त्यांनी सक्रिय काम केले आणि १९८२-८३ मध्ये तिचे अध्यक्षपद भूषविले. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. भेसळीचा सर्वाधिक फटका कमी पैशात सुटे जिन्नस घेणाऱ्या गिऱ्हाईकाला बसतो. केंब्रिजची पदवीधर विदुषी अखेर त्याच गिऱ्हाइकाच्या बाजूने उभी राहिली. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्यांच्या सन्मानार्थ योजिलेल्या समारंभात त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांची प्राणज्योत मालवली.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? दार बंद झाले म्हणून त्या परत फिरल्या नाहीत, हा पहिला बोध. आत गेल्यावर त्यांनी आपल्या कामाने पुढील मुलींसाठी वाट मोकळी केली, हा दुसरा. तिसरा बोध आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. जगातील उत्तम प्रयोगशाळेत मिळविलेली विद्या त्यांनी परत आणून डाळ, धान आणि नीरा यांवर खर्च केली. विद्या मिळवून समाजाकडे पाठ फिरविणारे पुष्कळ असतात. विद्येचे ऋण ताटापर्यंत पोहोचविणारे थोडे.

सदरलगतच्या सिव्हिल लाइन्समध्ये १९०६ साली सुरू झालेली, पूर्वी व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स म्हणून ओळखली जाणारी विज्ञान संस्था आजही उभी आहे. आमच्या वसतिगृहातून तेथपर्यंतचे अंतर फार नाही. पण ज्या घरात मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघेल की नाही याची चिंता असते, त्या घरासाठी ते अंतर मोठे असते. पालकांना आमची नम्र विनंती आहे की, मुलीला गणित आणि रसायनशास्त्र जड जाईल, असे तिच्या वतीने अगोदरच ठरवून टाकू नये. तसे ठरविणारे एक नोबेल-विजेतेही चुकले. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज अधिकारपदावर आहेत, निवड समित्यांवर बसतात, कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे ज्यांच्या सहीवर ठरते, त्यांनी सही करताना दाराबाहेर बसलेल्या त्या तरुणीचे स्मरण करावे. आणि आमच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या वेळी ताटात वरण घेताना एवढे ध्यानात ठेवावे की, त्या वाटीत काय आहे हे नेमके कळावे म्हणून कोणी तरी आपले आयुष्य वेचले आहे.

डॉ. कमला सोहोनी यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.